केंद्रकातली घडी

रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत बाईंचा दरारा होता. रुग्णाच्या पेशींची स्लाइड रंगवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यावर पहिली नजर टाकायची, हे त्यांचं काम. निदानावर सही डॉक्टरांची. बाईंची जीभ मात्र कुणाच्या सहीसाठी थांबत नसे. नव्या शिकाऊ मुलींना त्या पहिल्याच दिवशी फैलावर घेत.

"एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर तुमच्या उंचीहून लांब भरेल. तो एवढ्याशा केंद्रकात मावतो कसा?"

उत्तराची वाट न बघता त्या स्वतःच सांगत.

"कोंबलेला नसतो, बायांनो! हिस्टोन नावाची प्रथिनं असतात. त्यांच्याभोवती तो रिळावरच्या दोऱ्यासारखा गुंडाळलेला असतो. जो भाग वाचायचा तो सैल, नको तो घट्ट. म्हणून तर डोळ्याची पेशी डोळ्याचंच काम करते, यकृताच्या भानगडीत पडत नाही."

या बांधणीला बाई 'घडी' म्हणत. केंद्रक रेखीव, रंग एकसारखा दिसला की 'घडी बसलीय'. गडद, ढेकळं ढेकळं झालेलं दिसलं की 'घडी विस्कटलीय', म्हणजे बहुधा कर्करोग. पेशीची विस्कटली म्हणजे कुणाच्या तरी संसाराचीही विस्कटली, हे बाईंना कळत नव्हतं असं नाही. पण ढीगभर स्लाइड बघणारीने प्रत्येकीवर रडत बसावं, तर काम कधी करावं?

हा शब्द घरीही पोचला होता. घरी म्हणजे अक्का. आई गेल्यावर धाकटीला पोटाशी धरून वाढवणारी थोरली बहीण. लग्न दोघींनीही केलं नाही. कुणी विचारलंच तर अक्का म्हणे, "ही एक सांभाळतेय ती काय कमी आहे?" संध्याकाळी बाईंनी चप्पल काढली की अक्काचा प्रश्न तयार असे, "आज कितींची विस्कटली?"

मग अक्काच्याच गळ्याला गाठ आली. सुई घालून पेशी काढल्या. डॉक्टरांनी बाईंना बजावलं, "ही स्लाइड मी बघेन. तुम्ही हात लावायचा नाही." शहाणपणाचंच बोलणं होतं. पण बाईंना राहवेना. डॉक्टर उठून बाहेर जाताच त्या त्यांच्या खुर्चीत बसल्या आणि भिंगाला डोळा लावला.

केंद्रकं काळवंडलेली, वेडीवाकडी, फुगलेली. शंकेला जागाच नव्हती. बाईंनी स्लाइड सरकवून दुसरीकडे बघितलं, तिसरीकडे बघितलं. सगळीकडे तेच. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या तयार नजरेचा राग आला.

घरी जाताना त्यांनी ठरवलं, सांगायचं नाही. निदान उपचार ठरेपर्यंत तरी नाही.

"माझी घडी कशी आहे गं?" अक्काने दारातच विचारलं.

"बसलीय. छान बसलीय."

अक्काने त्यांना समोर बसवलं. "आई गेली तेव्हा मी तुला सांगितलं होतं, मामाकडे गेलीय, येईल. आठवतं?"

"हो."

"खरं वाटलं होतं तुला?"

बाईंनी मान खाली घातली. "नाही. कळलं होतं मला."

"मग कधी विचारलं का नाहीस?"

"तू रडली असतीस."

एवढ्याशा पोरीने आपल्याला सांभाळून घेतलं होतं, हे अक्काला आज कळत होतं. मग ती म्हणाली, "बरं. आता मी विचारतेय. सांग."

बाईंनी सांगितलं. काही हातचं न राखता, सगळं. धागाही बिघडलाय आणि गुंडाळीही, घट्ट राहायचं ते सैल झालंय, नको ते वाचलं जातंय. अक्काने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"एवढा लांब धागा, आणि इतकी वर्षं बिनबोभाट नीट राहिला? कमाल आहे बाई त्या... कोण ते?"

"हिस्टोन."

"हां, त्यांचीच."

बाईंना हसू आलं, आणि हसता हसताच हुंदका फुटला. अक्काने त्यांचं डोकं मांडीवर ओढून घेतलं.

"रड," ती म्हणाली. "आईचं राहिलंय, तेही रडून घे."