बंद डिटेक्टरचा भोंगा

भुताखेतांच्या गोष्टी मी आवडीनं वाचते, पण पुस्तक मिटलं की त्या तिथंच राहतात. निदान आजवर राहत होत्या. माझी नोकरीच अशी, की प्रत्येक गोष्टीचं कारण द्यावं लागतं. वाळूजच्या एमआयडीसीत, थिनर बनवणाऱ्या एका कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे.

माझा नवरा सुहास गॅस डिटेक्टर तपासायचा, आमच्या कारखान्यातलेसुद्धा. भिंतीवर कायमचे बसवलेले हे डिटेक्टर हवेत पेट घेणारी वाफ वाढली की भोंगा वाजवतात. गेल्या वर्षी सुहास गेला... हृदयविकार. आता दुसरे लोक येतात. कामाला चांगले आहेत.

त्या सकाळी शेडच्या शटरची चौकट जोडायला रफीकभाई वेल्डिंगचं मशीन घेऊन आले. मी हातातल्या मीटरनं हवा तपासली – शून्य. भिंतीवरच्या डिटेक्टरवरही शून्य. वेल्डिंगच्या परवानगीवर सही करायला पेन काढलं आणि भोंगा वाजला. अगदी थोडा. थांबला. मग लांबलचक वाजून बंद.

रफीकभाई मशीनची वायर हातात घेऊन तसेच उभे. "मॅडम, आज टेस्टिंग है क्या? ये तो साहब का तरीका है."

तरीका त्याचाच होता. सुहास आधी गॅसचा छोटासा झोत द्यायचा, भोंगा वाजला की थांबून सगळ्यांना हात करायचा – घाबरू नका, मीच आहे – आणि मग पूर्ण तपासणी. असं दुसरं कुणी करत नाही.

आमच्याच कारखान्यात डिटेक्टरची देखभाल बघणारे कांबळेमामा धावत आले. "गॅस कुणी लावला?"

"कुणीच नाही, मामा."

"मग वाजला कसा?"

"तुम्हारी चाय की भाप लगी होगी," रफीकभाई म्हणाले.

"गप बस रे. चहा अजून आलाच नाय!"

मीटर पुन्हा फिरवलं. हवेत काही नाही. "खोटा अलार्म हाय, मॅडम. करू द्या काम," मामा म्हणाले. माझं मन मात्र तयार होईना. म्हटलं, वाजलाच आहे तर तपासून टाका. मामांनी डिटेक्टरच्या तोंडाला टोपी लावून चाचणीचा गॅस सोडला... आकडा शून्यावरून हलेना. दुसरा सिलिंडर लावला. तेच. शेजारचा डिटेक्टर – तोही मेलेला.

कारण लगेच कळलं. आठवड्यापूर्वी अडकणाऱ्या शटरवर कुणीतरी सिलिकॉनचा स्प्रे मारला होता. त्यानं डिटेक्टरमधला वाफ ओळखणारा सेन्सर मरतो आणि मुकाट शून्य दाखवत राहतो. चांगल्या हवेतही शून्य, मेल्यावरही शून्य. गॅस दाखवून पाहिल्याशिवाय फरक कळत नाही.

वेल्डिंग थांबवलं. स्टोअरमधले नवे सेन्सर बसवले, गॅस देऊन तपासले. जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी भिंतीपलीकडचा थिनरचा पंप सुरू झाला आणि थोड्याच वेळात नव्या सेन्सरचा डिटेक्टर ओरडला. या वेळी हातातलं मीटरही ओरडलं. पंपाचं सील गेलं होतं, वाफ थेट शटरकडे येत होती. रफीकभाई त्या वेळी तिथंच ठिणग्या उडवत बसले असते.

पंप बंद करून सगळे बाहेर आलो. रफीकभाई झाडाखाली डबा उघडून बसले, पण घास घेईनात. म्हणाले, "साहब को शुक्रिया बोलना, मॅडम."

"सांगते," मी म्हणाले.

पडेगावला घरी आल्यावर खरंच सांगितलं. स्वयंपाकघरात, भाजी चिरता चिरता, मोठ्यानं. त्याच्याशी बोलताना इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच रडू आलं नाही. गरम भाकरी केली, पोटभर जेवले, अर्धवट राहिलेली कादंबरी उघडली.

डिटेक्टर बनवणाऱ्या कंपनीला विचारलं. वायर सैल असेल तर फॉल्टचा दिवा लागतो, भोंगा नाही, असं ते म्हणाले. वेल्डिंगच्या विजेचा परिणाम म्हणावा, तर मशीन तोवर सुरूही केलं नव्हतं. मेलेला डिटेक्टर का वाजला, तेही आधी थोडा आणि मग लांब... याचं उत्तर त्यांच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही. वाचकांत कुणी या क्षेत्रातलं असेल तर जरूर लिहा. मी मन लावून वाचेन. पटलं तर मान्यही करेन. पण खरं सांगू – मला घाई नाही.