टेस्टिंगचं गाणं

गुडीहत्नूरला हायवेच्या कडेला नागोरावचं साऊंडचं दुकान आहे. दुकान म्हणजे टिनाचं शेड. आत वायरींची भेंडोळी, पोट उघडून पडलेले स्पीकर, आणि मधोमध स्टुलावर नागोराव. त्याच्या कानाचं कौतुक आदिलाबादपासून उटनूरपर्यंत चालतं. चार स्पीकर एकदम वाजत असले तरी कुठल्या डब्यातला टाका सुटलाय, हे तो पाठ फिरवून सांगतो. बाप दुसऱ्याच्या शेतात राबला. लेकानं आदिलाबादला एका रेडिओच्या दुकानात झाडू मारता मारता सोल्डरिंग उचललं, आणि आज आजूबाजूच्या गावांतली एकही जयंती त्याच्या साऊंडवाचून होत नाही. याचा त्याला गर्व आहे आणि तो त्यानं कधी लपवलेला नाही.

"मशीन कवाच खोटं बोलत नाही," असं तो गिऱ्हाइकांना ऐकवतो. "माणूस बोलते."

माणसाचं पूर्ण ऐकून घ्यायची सवय त्याला लागली नाही, ती बहुधा म्हणूनच. समोरचा तोंड उघडतो न उघडतो, तोच याला बिघाड कळलेला असतो. मग पुढचं ऐकायचं कशाला? गिऱ्हाईक असेल तर ते खपतं. घरातल्या माणसानं काय करावं?

घरातलं माणूस म्हणजे त्याची बायको, मनकर्णा. ती गायची. गायन पार्टीत तिचा आवाज लागला की बायका भाकरी तव्यावर ठेवून यायच्या, असं अजूनही लोक सांगतात. पुढं तिच्या घशात गाठ झाली. नागपूरला ऑपरेशन झालं, जीव राहिला, आवाज गेला. आता ती बोलते तेव्हा नुसता वारा बाहेर येतो. कान जवळ नेला तर शब्द लागतात, नाहीतर नाही.

तिचं एकच गाणं रेकॉर्ड झालेलं आहे आणि तेच नागोरावचं टेस्टिंगचं गाणं. प्रत्येक साऊंडवाल्याचं असं एखादं ठरलेलं गाणं असतं. नवीन सिस्टम जोडली की तेच लावायचं, कारण त्यातला ठोका न् ठोका पाठ असतो आणि कुठं काय कमी पडलं ते लगेच कळतं. मनकर्णाच्या गाण्याच्या पहिल्या कडव्यात नागोरावला हवं ते सगळं होतं. ढोलकी बेस दाखवायची, आणि ती सूर वर नेऊन सोडायची तिथं बारीक स्पीकरची परीक्षा व्हायची. कडवं स्वच्छ वाजलं की काम फत्ते. ते संपायच्या आत त्याचा अंगठा बटणावर गेलेला असायचा. लग्नात, मिरवणुकीत, जीपमध्ये, ट्रॅक्टरवर, कुठं कुठं म्हणून त्यानं ते लावलं नसेल. पण दुसऱ्या कडव्यापर्यंत एकदाही जाऊ दिलं नाही. इतकंच काय, रेकॉर्डिंगच्या दिवशीसुद्धा त्यानं ते ऐकलेलं नव्हतं. ऑपरेशनच्या आदल्या वर्षीची जयंती होती. पहिल्या कडव्यात त्यानं मिक्सरवर लेव्हल बसवली आणि जनरेटर बघायला म्हणून बाहेर गेला. आत आला तेव्हा टाळ्या चालल्या होत्या.

गाणं मनकर्णानं स्वतः जुळवलेलं होतं. तिची आई राहीबाई उटनूरच्या वाटेवरल्या तलावाच्या बांधावर माती वाहायला जायची. डोक्यावर मातीची टोपली आणि लेकीच्या हातात शाळेची पाटी, असं ते गाणं. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्यानं आपलं नाव गुंफावं, अशी रीत. मनकर्णानं तिथं स्वतःचं नाव न घालता आईचं घातलं. आई तोवर गेलेली होती. म्हणजे ज्या नावासाठी सगळं गाणं उभं केलं, ते नाव त्या जयंतीनंतर कोणाच्याच कानावर पडलं नाही. गाण्याचा पेनड्राइव्ह नागोरावच्या खिशात असायचा, मनकर्णानं तो कधी मागितला नाही. आपलं गाणं वायर तपासायच्या कामी येतं, हे तिला माहीत होतं आणि ते तिला लागतही होतं. पण वाऱ्याच्या आवाजात भांडता येत नाही.

गेल्या हिवाळ्यात त्याच तलावावर चंपतराव नावाच्या ठेकेदारानं बोटिंग सुरू करायचं ठरवलं. कुठून तरी फायबरची जुनी बोट आणली, तिला निळा रंग मारला आणि नागोरावला बोलावलं. "गाणं असं वाजलं पायजे, की बांधावरचा माणूस तिकीट काढूनच बोटीत बसला पायजे."

नागोरावनं आयुष्यात बोटीला हात लावला नव्हता. पण तसं कबूल करील तर तो नागोराव कसला! घरी येऊन त्यानं बायकोला नुसतं कुठलं काम मिळालं ते सांगितलं. मनकर्णा म्हणाली, "मलेबी न्या."

"नेतो," म्हणून तो उठलाच. पण या वेळी तिनं त्याची बाही धरली आणि पुढचंही ऐकायला लावलं. "माय जिथं माती वाहे, तिथं पाण्यावर माह्यं गाणं लावा. पुरं लावा. शेवटचं कडवं ऐकाचं हाय मले. मायचं नाव हाय त्याच्यात."

"लावतो ना वो. पुरं लावतो," नागोराव म्हणाला, आणि खोटं बोलायचं त्याच्या मनातही नव्हतं.

बोटीनं मात्र त्याला रडकुंडीला आणलं. जीपमध्ये स्पीकरला एकच वायर न्यायची आणि दुसरी लोखंडी बॉडीला टेकवायची, ही त्याची हयातभरची सवय. इथंही त्यानं काळी वायर कठड्याच्या बोल्टाला कसली. अँप्लिफायर चालू होईना. फायबरला कसली आलीय बॉडी, त्यातून करंट जातच नाही! तो बोल्ट नुसता हवेत लोंबत असल्यागत होता. बोट चालवणारा मारोती हसला, तेव्हा याचे कान लाल झाले. सगळ्या वायरी उपटून त्यानं प्रत्येकीला जोडीदारीण दिली आणि पार बॅटरीपर्यंत नेली. मग गाणं लागलं, पण इंजिन सुरू होताच त्यातून बारीक शिट्टी येऊ लागली. मारोतीनं वेग वाढवला की शिट्टीही चढायची. दोन दिवस डोकं खाजवल्यावर त्याच्या लक्षात आलं, की गाण्याची वायर इंजिनच्या वायरीला चिकटून चाललीय. तिला उचलून बोटीच्या दुसऱ्या अंगानं नेली, प्लेअरची आणि अँपची काळी वायर एकाच ठिकाणी बांधली, ओल लागू नये म्हणून प्रत्येक टाक्यावर रबरी स्लीव्ह चढवली. शिट्टी गेली. नागोरावचा ताठा परत आला.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी तो मनकर्णाला घेऊन आला. तिनं पांढरं लुगडं नेसलं होतं. बोटीत चढण्याआधी ती बांधाच्या दगडांवर थोडा वेळ उभी राहिली, मग पुढच्या बाकावर जाऊन बसली. मारोतीनं बोट तलावाच्या मधोमध नेली आणि नागोरावनं गाणं लावलं.

पहिलं कडवं असं वाजलं, की मारोतीनंही मान वळवली. कडवं संपत आलं आणि नागोरावचा अंगठा आपोआप बटणाकडे निघाला. त्यानंच तो आवरला आणि हात खिशात कोंबला. दुसरं कडवं आलं. मनकर्णाचे ओठ हलत होते, त्यातून काही निघत नव्हतं. तिसरं झालं. मग शेवटचं लागलं आणि नेमकं आईचं नाव आलं तिथं आवाजात खर्र झालं.

खिशातला हात कधी बाहेर आला ते नागोरावला कळलंही नाही. गाणं बंद.

"लेफ्टचा टाका हाय," तो म्हणाला. "एकच मिनिट."

टाका धड होता. त्यानं गाणं थोडं मागं नेऊन पुन्हा लावलं. 'राही', खर्र. बंद. डावा स्पीकर उजवीकडे जोडला. बिघाड स्पीकरचा असता तर खरखर त्याच्यासोबत गेली असती. गेली नाही. 'राही', खर्र. बंद. मारोतीला इंजिन थांबवायला सांगितलं. बॅटरीचे नट कसले. अँपचा फ्यूज काढून पुसून परत बसवला. दर वेळी तेच नाव, तिथंच तुटायचं, आणि मनकर्णा समोर बसून आपल्या आईचं नाव पुन्हा पुन्हा अर्ध्यात मोडताना ऐकत होती. एकदा तिनं हात वर केला. नागोराव बाकाखाली वाकलेला होता, त्याला दिसलं नाही. शेवटी त्यानं त्याच पेनड्राइव्हवरचं दुसरं गाणं लावलं. ते आरशासारखं स्वच्छ वाजलं. वायर चांगली, स्पीकर चांगले, अँप चांगला, इंजिन बंद. नागोराव हातात टेस्टर घेऊन उभा राहिला. तपासायचं काही उरलंच नव्हतं.

मनकर्णा उठली आणि त्याच्या कानाजवळ आली.

"वायर नाही थे," ती म्हणाली. "मी हाओ."

त्यानं तिच्याकडे पाहिलं.

"रेकॉर्डिंगच्या दिसी रातीच सांगतलं होतं तुमाले, गाताना घशात टोचून राह्यलं म्हून. तुमी म्हणले, पह्यलं कडवं तं झकास आलं."

नागोरावला ती रात्र आठवली नाही. आठवली ती नागपूरच्या डॉक्टरची खोली. आवाज कधीपासून बसलाय, असं डॉक्टरनं विचारलं होतं. मनकर्णा बसल्या आवाजात काही सांगायला लागली होती आणि यानं मधेच तोडून म्हटलं होतं, दोन महिने झाले. डॉक्टर म्हणाला होता, जरा आधी आणायला पाहिजे होतं. त्यावर यानं मान डोलावली होती, जणू उशीर दुसऱ्याच कोणी केला होता. त्या जयंतीपासून ऑपरेशनपर्यंत, जवळपास सगळं वर्ष, ती खरखर त्याच्या खिशातल्या पेनड्राइव्हमध्ये होती. ज्याच्या कानाची चार गावांत वाहवा, त्यानं ते कडवं एकदा वाजू दिलं असतं, तर बायकोचा आवाज कदाचित आजही घरात असता. हे त्याला तिथं, पाण्यावर, स्वच्छ कळलं, आणि कळून काहीच उपयोग नव्हता.

"लावू का पुढं?" त्यानं विचारलं. "पुरं लावतो. आता नाही थांबवत."

"आता फॉल्ट सापडला ना?" मनकर्णा म्हणाली. "मंग कायले लावता?"

ती जाऊन बाकावर बसली, या वेळी त्याच्याकडे पाठ करून. काठावरून चंपतरावनं तोंडाला हात लावून विचारलं, निघाला का बिघाड? मारोतीनंच ओरडून उत्तर दिलं, "कायी बिघाड नाही! सिस्टम एक नंबर हाय!"

दुसऱ्या दिवशी उद्घाटन झालं. नवी गाणी वाजली, लोक बोटीत नाचले, चंपतरावनं सगळ्यांसमोर नागोरावच्या गळ्यात हार घातला.

आता नागोराव नवीन सिस्टमवर दुसरंच काहीतरी लावतो. जुनी गिऱ्हाइकं विचारतात, ते बाईचं गाणं काऊन नाही लावत? पेनड्राइव्ह खराब झाला, असं तो सांगतो. घरी मनकर्णाचे ओठ हलले की हातातलं काम टाकून तो जवळ जातो, कान तिच्या तोंडाशी नेतो आणि ती थांबेपर्यंत हलत नाही. पण तिला आता सांगायचं असं फारसं काही नसतं. मीठ संपलं, म्हणते. गॅस बंद करा, म्हणते.