एका दाराला एक परवाना

मंगळवार, १२ नोव्हेंबर. सकाळपासून गार वारा. गीझरवाला कॉइल बदलून गेला. दुपारी नगरपालिकेचा माणूस पार्किंगच्या परवान्याचा स्टिकर देऊन गेला. घरपट्टी माझ्या नावावर असल्याने स्टिकर माझ्या नावाने निघाला आणि त्यावर लेकीच्या गाडीचा नंबर छापला आहे. एका घर-क्रमांकाला एकच. यापुढे बिनस्टिकरची गाडी गल्लीत उभी दिसली की चाकाला जॅमर लागणार. वर जाऊन भाऊजींना सांगितले. "बरं झालं," म्हणाले.

बरे काहीच झाले नव्हते. पण ही डायरी लिहिणाऱ्या वहिनींच्या तोंडावर 'आता माझी गाडी कुठे लावू?' असे विचारणे भाऊजींना जमण्यासारखे नव्हते.

हे भाऊजी म्हणजे गल्लीचे क्लचमास्तर. उभा जन्म त्यांनी लोकांना गाडी शिकवली. "क्लच म्हणजे पाय नव्हे, कान. गाडी काय म्हणते ते त्यानं ऐकायचं," हे त्यांचे पालुपद, त्यावरूनच नाव पडले. शिकणाऱ्याने भर चौकात गाडी बंद पाडली, मागे हॉर्नचा गोंधळ उडाला, तरी मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणत, "झोपली वाटतं. उठवा आता, हळूच." गल्लीतल्या निम्म्या लोकांनी स्टिअरिंग पहिल्यांदा धरले ते त्यांच्याच गाडीत. वहिनी तेवढ्या नापास झाल्या. रिव्हर्स घेताना त्या डोळे मिटून घेत. "वहिनी, मागं बघायचं असतं, देवाचं नाव घ्यायचं नसतं," असे म्हणून मास्तरांनी त्यांची शिकवणी तिथेच थांबवली होती.

आता शिकवण्या बंद होऊन बरीच वर्षे झाली. मास्तर आणि त्यांची बायको वरच्या मजल्यावर राहत. खाली मोठ्या भावाचे, दादांचे, बिऱ्हाड. दादा गेल्यावर तिथे वहिनी आणि त्यांची लेक उरल्या. लेक प्रसूतिगृहात नर्स होती, कधीही बोलावणे येई. मास्तरांच्या बायकोला वहिनी लग्नापासून 'धाकटी' म्हणत, म्हणून सगळे घरच तिला धाकटी म्हणे. गेल्या वर्षी धाकटीला झटका आला आणि उजवी बाजू गेली. आठवड्यातून दोनदा मास्तर तिला हॉस्पिटलात व्यायामाला नेत. डॉक्टर स्पष्ट बोलणारे होते. "जे काही परत यायचं ते या वर्षात येईल. खाडे करू नका." धाकटीच्या बोटांत चमचा राहू लागला होता. म्हणून मास्तरांना गाडी दारात हवी होती. दुसरे काही मागणे नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते वॉर्ड ऑफिसात गेले. परवान्याच्या खिडकीशी जाड भिंगाच्या चष्म्याच्या एक बाई बसल्या होत्या.

"काका, एका दाराला एकच परवाना."

"पण घरात बिऱ्हाडं दोन आहेत हो."

"असतील. आम्ही बिऱ्हाडं मोजत नाही, पाट्या मोजतो. तुमच्या दाराला दोन नंबर का नाहीत? तुमच्या गल्लीत सगळ्यांनी तेव्हाच घेतले."

मास्तरांना उत्तर ठाऊक होते. गल्लीतल्या घरांना नवे क्रमांक द्यायला पालिकेची माणसे आली तेव्हा त्यांच्या दाराशी दोन पाट्या आणल्या होत्या, खालच्या मजल्याची एक, वरच्याची एक. दादांनी एक पाटी परत केली. "आज पाट्या दोन, उद्या जिने दोन, परवा तोंडं दोन दिशांना," ते म्हणाले होते. शेजारी हसले. मास्तर हसले नाहीत. उलट त्यांनीच शिडी धरली आणि एकच पाटी नीट सरळ ठोकून घेतली. पुढे लोकांच्या घरात वाटण्या झाल्या, भाऊ भावाला ओळखेनासा झाला, तेव्हा मास्तर शिकणाऱ्यांना अभिमानाने सांगत, आमचं दार अजून एकच आहे.

"आत्ता घेता येईल का दुसरा नंबर?" त्यांनी विचारले.

"अर्ज करा. 'आम्ही विभक्त राहतो' असं दोघांनी लिहून द्यायचं. मग आम्ही येऊन स्वयंपाकघर वेगळं आहे का ते बघतो."

"तो शब्द बदलता येईल का? 'वर राहतो' असं लिहिलं तर?"

"वर काय, माळ्यावर राहा, काका. शब्द नियमातला आहे."

मास्तर अर्ज न घेताच घरी आले.

त्यानंतर गाडी बाजारामागच्या मैदानात उभी राहू लागली. व्यायामाच्या दिवशी मास्तर आधी गाडी दारात आणत, मग वर जाऊन धाकटीला उतरवत. माणसे चढण्या-उतरण्यापुरती सवलत होती, पण धाकटीच्या एका पायाने जिना उतरेपर्यंत ती केव्हाच संपे. दोनदा जॅमर लागला. दुसऱ्या वेळी तो निघेपर्यंत व्यायामाची वेळ टळली आणि दोघे गाडीत नुसतेच बसून राहिले.

मग त्यांनी उलटे करून पाहिले. धाकटीला आधी खाली आणून दारात खुर्चीवर बसवायचे, वहिनींनी जवळ उभे राहायचे आणि मास्तरांनी मैदानातून गाडी आणायची. पहिल्याच दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने थांबून चौकशी केली. तिच्या वाकड्या झालेल्या ओठांकडे बघितले आणि मान हलवली. त्या दिवशी ती व्यायामाला गेली. पण पुढच्या वेळी तिने पलंगाची कड सोडली नाही.

"मी नाही यायची." शब्द जड होते, पण प्रत्येक कळत होता. "दारात बसवून ठेवता. मी काय बोर्ड आहे?"

"अगं, पाच मिनिटांचा प्रश्न."

"तुमची पाच मिनिटं मला ठाऊक आहेत. लग्नापासून मोजतेय."

मास्तर हसले, पण ती खरेच गेली नाही. त्या आठवड्यात नाही, पुढच्याही नाही. एका सकाळी चहा ढवळताना तिच्या बोटांतून चमचा गळून पडला. तिने तो उचलायचा प्रयत्नही केला नाही. डाव्या हाताने उजवा हात पदराखाली झाकून घेतला. मास्तरांनी चमचा उचलला आणि धुवायच्या निमित्ताने मोरीपाशी बराच वेळ उभे राहिले.

खाली वहिनींना सगळे ऐकू येत होते. त्या स्टिकर घेऊन वर आल्या. "भाऊजी, हा बदलून तुमच्या गाडीचा करून घ्या."

"मुळीच नाही. पोरीला अपरात्री बोलावणं येतं. त्या मैदानातून एकटी चालत येणार का ती?"

"मग धाकटीनं घरात बसून राहायचं का?"

"मी बघतो काहीतरी."

"काय बघता? महिना झाला बघताय."

वहिनी जिन्यात असतानाच धाकटी पलंगावरून म्हणाली, "तिसरा उपाय आहे. दोघांनाही माहीत आहे. कुणाची जीभ उचलत नाही. माझी तरी झटक्यानं गेली, तुमची कशानं?"

मास्तर दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन आले. सही करताना त्यांनी चष्मा काढून ठेवला, म्हणजे 'विभक्त' हा शब्द दिसू नये. वहिनींनी मात्र अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि आपली सही केली.

शुक्रवारी पाहणीला त्याच खिडकीवरच्या बाई आल्या. जिना चढून त्यांना धाप लागली होती. वरच्या स्वयंपाकघरात त्यांनी नजर फिरवली. ओट्यावर औषधांच्या बाटल्या, तेलाची शिशी, व्यायामाचा रबरी चेंडू. शेगडी लखलखीत, पण तिच्यावर वर्तमानपत्राची घडी. धाकटी आजारी पडल्यापासून चारही माणसांचे खालीच शिजे आणि वरची दोन ताटे मास्तर खालून झाकून आणत. हे इतके अंगवळणी पडले होते की अर्ज करताना कुणाच्या डोक्यातच आले नव्हते.

बाई भल्या होत्या. प्रश्नातच त्यांनी उत्तर देऊन टाकले. "रोजचा स्वयंपाक इथंच होतो ना, काका?"

नुसती मान हलवायची होती. दारात वहिनी उभ्या होत्या. मास्तरांनी वर्तमानपत्राच्या घडीकडे पाहिले.

"नाही," ते म्हणाले. "खालून येतं. वहिनी करतात."

"आला हरिश्चंद्र," पलंगावरून आवाज आला.

बाईंनी पेनाला टोपण लावले. "काका, आता मी काय लिहू? एकाच चुलीवरचं जेवता म्हणजे एक कुटुंब. एक कुटुंब म्हणजे एक परवाना." त्या उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "आज मी काहीच लिहीत नाही. सोमवारी समोरच्या घरी यायचंय, तेव्हा पुन्हा वर येईन. जे दिसेल ते लिहीन."

संध्याकाळी मास्तर खाली येऊन वहिनींच्या ओट्याशी स्टुलावर बसले.

"मान हलवली असती तर काय बिघडलं असतं?" ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले.

"हलली नसती. तुमच्या घराण्यात खोटं जमलंय कुणाला? दादांना साधं 'भाजी चांगली झाली' एवढं कधी म्हणता आलं नाही." वहिनींनी गॅस बारीक केला. "उद्यापासून तुमचं वर शिजवायचं."

"दाखवण्यापुरतं?"

"दाखवण्यापुरतं केलंत तर सोमवारी त्या बाईंना तेही सांगाल. खरंच शिजवायचं. रोज."

"म्हणजे विभक्त."

"हो, विभक्त. शब्द वाईट आहे. धाकटीचा हात त्याहून वाईट होत चाललाय."

मास्तरांनी ओट्यावरच्या, चौघांच्या भाताच्या मोठ्या पातेल्याकडे पाहिले. "दादाला काय वाटेल?"

"त्यांना मी सांगेन. तुमच्याआधी मीच जाणार आहे तिकडे."

शनिवारी मास्तरांनी जन्मात पहिल्यांदा कांदा चिरला. वहिनी हाताची घडी घालून दारात उभ्या होत्या. चुकले तरी पुढे झाल्या नाहीत. धाकटी पलंगावरून सूचना देत होती, मध्येच हसत होती. कित्येक दिवसांत तिचे हसू कुणी ऐकले नव्हते. भात खाली लागला, वर कच्चा राहिला. "आमच्या गाडीसारखा," ती म्हणाली, "एकदम चौथ्या गिअरमध्ये." तरी तिने तो सगळा खाल्ला.

सोमवारी बाई आल्या तेव्हा बटाटे करपल्याचा वास जिन्यापर्यंत पोचला होता. त्यांनी कढईत डोकावून पाहिले.

"जळलंय, काका."

"हो."

"म्हणजे खरंच शिजतंय." आणि त्यांनी उभ्या उभ्याच लिहून टाकले.

दुसरा क्रमांक मिळाला, त्यामागून स्टिकरही आला. मास्तरांनी तो काचेवर आतून लावला, कडा अंगठ्याने दाबून बसवल्या, आणि गाडी दारासमोर आणून उभी केली. त्या दुपारी धाकटी सावकाश जिना उतरली. तिला कुठे बसून वाट पाहावी लागली नाही, कुणी थांबून तिच्याकडे बघितले नाही. हॉस्पिटलात व्यायाम घेणाऱ्या बाईने तिची बोटे एकेक करून उघडली आणि एवढा खाडा केल्याबद्दल दोघांनाही चांगलेच झापले. बोटे अजून आखडलेली होती. किती सैल होतील ते तिने सांगितले नाही.

परत येईपर्यंत दिवे लागले होते. धाकटीला वर पोचवून मास्तर जुन्या सवयीने ताटे आणायला खाली उतरले आणि वहिनींच्या दाराशी येऊन थबकले. वहिनी आत टेबल पुसत होत्या. दोघांच्याही लक्षात आले.

"झाली जेवणं?" वहिनींनी विचारले.

"नाही. चढवायचंय अजून."

"मीठ विसरू नका."

"नाही विसरत," मास्तर म्हणाले, आणि कठड्याला धरून रिकाम्या हाताने वर गेले.

वहिनींनी त्या रात्री डायरीत तारीख घातली आणि खाली लिहिले: भाऊजींचा स्टिकर आला. धाकटी व्यायामाला जाऊन आली. मोठे पातेले घासून माळ्यावर ठेवले.