दारापर्यंत जाणारे टायर

सेकंडहँड गाडी घेताना लोक इंजिन बघतात, रंग बघतात, सीटची कव्हरं बघतात. मी आधी खाली वाकून टायर बघितले. पार्ल्याच्या ज्या गृहस्थांकडून आम्ही गाडी घेतली, त्यांना याचं फार नवल वाटलं. बायका टायर बघत नाहीत, असा त्यांचा समज असावा. मी तीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलंय. घर्षण हा माझा आवडता धडा.

चारही चाकांना ताकद देणारी, ऑल व्हील ड्राइव्ह गाडीच हवी, हा हट्ट माझा. तो सासूबाईंमुळे होता. कोकणातलं आमचं घर टेकाडावर आहे. खालच्या डांबरी रस्त्यापासून अंगणापर्यंत दोनशे पावलांची चढण, सगळी लाल माती. आमची आधीची छोटी गाडी पावसाळ्यात तिथे अर्ध्यातच अडकायची. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्या मुंबईत, चारकोपला आमच्याकडे आल्या. गावी दीर-जाऊ आहेत, पण डॉक्टरकडे जायचं म्हटलं की आईंना खुर्चीत बसवायचं, खुर्चीला बांबू बांधायचे आणि चार जणांनी खाली उतरवायचं. मागच्या गणपतीला त्यांना असंच वर नेलं. सगळी वाडी बघायला उभी होती आणि आई वाटभर डोळे मिटून बसल्या होत्या.

यंदा माझ्या मुलाचं लग्न झालं आणि गौरी पूर्वा नक्षत्रात आल्या. आमच्याकडे गौरी पूर्वा नक्षत्रात आल्या तरच नवी सून ओवसा करते. भरलेली सुपं गौरीपुढे ओवाळते आणि मग घरातल्या थोरल्या बाईच्या हातात सूप देते. ते साल हुकलं की पुन्हा केव्हा येईल ते पंचांग सांगणार. घरातली थोरली बाई म्हणजे आई. आणि आईंनी जूनमध्येच जाहीर करून टाकलं.

"माका परत खुर्चीत घालून नेतलंस तर मी येवचंय नाय. चार जणांच्या खांद्यार एकदाच जायचा असता, गो."

मी म्हटलं, "आई, गाडी दारात नेते. शब्द माझा."

आता गाडीचे पुढचे दोन टायर पार गुळगुळीत झाले होते आणि मागचे निम्मे शिल्लक होते. अंधेरीच्या टायरच्या दुकानात नवऱ्याने मोठ्या गोट्यांचे टायर पसंत केले, जंगलात जायचे असतात तसले. "चिखल आहे ना? मग?" मी त्याला तिथेच बाजूला घेतलं. चिखल दोनशे पावलं, आणि ओला हायवे अख्खा दिवसभर. तसल्या टायरवर ओल्या रस्त्यात ब्रेक दाबला तर गाडी आपल्याला हवी तिथे थांबत नाही. मधल्या जातीचे घ्यायचे, दोन्हीकडे बऱ्यापैकी पकड देणारे. दुकानदाराने मान डोलावली. मी टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचून तो कुठल्या आठवड्यात बनलाय तेही सांगितलं. माझी छाती दोन इंच फुगली होती.

मग दुकानदार म्हणाला, "मॅडम, पुढे दोनच टाका. मागचे अजून वर्षभर चालतील."

आणि मी हो म्हटलं. आमच्या घरात टायर नेहमी जोडीनेच बदलले गेले. पुढचे दोन या वर्षी, मागचे दोन पुढच्या. सासऱ्यांची टॅक्सी होती, तेही असंच करायचे. चांगली वस्तू फेकायची नाही, हे आमच्या हाडात मुरलेलं आहे.

गणपतीच्या दोन आठवडे आधी मी गाडी मुलुंडला नेली. तिथे डोंगराच्या पायथ्याशी एका बांधकामाजवळ कच्चा चढ आहे, गावच्या चढणीइतकाच वाईट. नवरा शेजारी बसला होता. मी पहिल्या गिअरमध्ये शांतपणे चढायला सुरुवात केली. निम्म्यात आल्यावर स्टिअरिंगमागच्या पॅनलवर पिवळा दिवा लागला. पुढची चाकं जागच्या जागी गरगर फिरायला लागली, मागची नुसती मुकाट उभी. गाडी हळूहळू मागे घसरली. बांधकामावरचा वॉचमन हसला. मला इतका राग आला की घरी येईपर्यंत मी नवऱ्याशी बोलले नाही, जणू चढ त्यानेच बांधला होता.

दुसऱ्या दिवशी चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या मेकॅनिककडे गेले. त्याने बॉनेट उघडलंसुद्धा नाही. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "दोन नवे, दोन जुने? हे कोणी सांगितलं?"

"मीच ठरवलं."

"वाट लावलीत ना मॅडम. तुमचे मागचे टायर झिजून लहान झालेत. लहान चाक जास्त फिरतं. गाडीला वाटतं, चाक घसरतंय. मग ती सारखी मागे ताकद दे, सोड, दे, सोड करत बसते. शेवटी गरम होते आणि मागची चाकं सोडूनच देते. नेमकी चढावर."

मी पर्समधून शिलाईची टेप काढली आणि त्याच्यासमोर मोजलं. मागच्या टायरचा घेर पुढच्यापेक्षा एका इंचाने कमी. म्हणजे किलोमीटरमागे पाच फेरे जास्त. घेर आणि फेरे! हे गणित मी तीस वर्षं फळ्यावर सोडवून दाखवलं होतं, आणि दुकानात जोडीचा हिशेब ऐकल्याबरोबर अक्कल गहाण टाकली. मला स्वतःची लाज वाटली. मेकॅनिकला मी तसं सांगितलंही. तो म्हणाला, "होतं मॅडम. सगळे असंच करतात. बाकीच्या गाड्यांना चालतं."

त्याच दिवशी मागेही तेच टायर बसवले, तीच कंपनी, तेच माप, तीच नक्षी. रविवारी पुन्हा मुलुंड. या वेळी पुढचं चाक जरा घसरलं तोच मागून कुणीतरी हात लावून ढकलल्यासारखी गाडी वर गेली. मी वॉचमनला हात केला.

गौरी यायच्या आदल्या दिवशी आम्ही गावी पोचलो. पाऊस चालूच होता. चढणीच्या तोंडाशी दीर छत्री घेऊन उभे होते. मी काच खाली केली आणि त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. आई माझ्या शेजारी बसल्या होत्या, डोळे उघडे, हातात काठी. मधल्या वळणावर गाडी किंचित तिरकी झाली. आईंनी माझ्याकडे पाहिलं, मी पाहिलं नाही. मग चारही चाकांनी माती धरली आणि आम्ही तुळशीपर्यंत आलो. आई काठी टेकत स्वतःच्या पायांनी ओटीवर गेल्या. गौरीपूजनाच्या दिवशी सुनेने सूप दिलं तेव्हा त्या उभ्या होत्या. मी इतकी खूश होते की दोन दिवस भेटेल त्याला टायर समजावून सांगत सुटले.

विसर्जनानंतर मी आईंची बॅग भरायला घेतली. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"गाडी दारात येता मां आता? मगे मी मुंबयक कित्याक येव? हयंच रवतंय. माका काय झाला तर घेवक ये."

त्यांचं बरोबर होतं. त्या आमच्याकडे राहत होत्या त्या चढणीमुळे, आणि ती चढण मीच सोडवून दिली होती. दोन वर्षं सकाळी आमचा दोघींचा चहा चारकोपच्या खिडकीत व्हायचा, हे मी कुठल्याच गणितात धरलं नव्हतं. मी हसून म्हटलं, "बरं, आई," आणि गाडी सुरू केली.

उतारावर गाडी तसूभरही घसरली नाही. मला त्या चारही टायरांचा भयंकर राग आला, आणि डांबरी रस्ता लागेपर्यंत मी रडत होते.