भोंग्याच्या सुरातला पियानो

मोहिउद्दीन मिस्त्रीला दिग्रसनं फसवलं, हे मी आधीच सांगून टाकतो. मागाहून कोणी म्हणायला नको की मास्तरनं गोड गोड सांगत नेलं आणि शेवटी कडू घोट पाजला. आठवणी गोडच आहेत. पण त्या निघाल्या की माझं डोकं फिरतं, त्याला मी तरी काय करू.

चोपन्न साली मी म्युनिसिपाल्टीच्या शाळेत मास्तर म्हणून दिग्रसला आलो. गाव कापसाचं. दिवाळीपासून गाड्यांची रांग लागायची ती होळीपर्यंत हटायची नाही, आणि रुईचे पुंजके चहाच्या कपातही सापडायचे. गावात एक क्लब होता, कापूस खरेदी करणाऱ्या गोऱ्या साहेबांनी बांधलेला. साहेब गेले, चांगलं फर्निचर ज्याला जमलं त्यानं उचललं, आणि पियानो तेवढा राहिला, कारण तो हलवायला आठ माणसं लागत. आता तिथं वकील, डॉक्टर, अडते संध्याकाळी पत्ते कुटत. मला तबला येत होता म्हणून क्लबात घेतलं, आणि अक्षर बरं होतं म्हणून सेक्रेटरी करून टाकलं.

मोहिउद्दीन क्लबचे अध्यक्ष फुलचंद शेठ यांच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होता. पस्तिशीचा, उंच, किडकिडीत, हाताच्या रेषांत तेल मुरलेलं. त्याला आम्ही बोलावलं ते पियानोचं झाकण उघडत नव्हतं म्हणून. झाकण उघडलं तर आत उंदरांनी संसार थाटलेला. मी म्हटलं, भंगारात द्या. हा मात्र आत डोकं घालून अर्धा तास उभा. मग म्हणाला, "मास्तर, हे तं मशीनच हाय. मी पाह्यतो याले."

दोन पावसाळे तो त्या पियानोच्या मागं लागला होता. आतल्या हातोड्यांची लोकर कसरीनं खाल्लेली, तर यानं जुन्या घोंगडीचे तुकडे कापून डकवले. तारा आवळायला किल्ली नव्हती, ती जिनातला पाना घासून बनवली. मग प्रश्न आला सुराचा. तारा गंजलेल्या, पुऱ्या ओढल्या असत्या तर तुटल्या असत्या. त्यानं मला विचारलं, "मास्तर, गावात साऱ्यायले ऐकू येते असा सूर कोनता?" मी काय सांगणार. तोच म्हणाला, "भोंग्याचा. दुसरा कोनता?"

आणि त्यानं जिनाच्या भोंग्याला पियानो मिळवला. सकाळी सहाला भोंगा झाला की हा क्लबात हजर, तो सूर कानात धरून एकेक तार सैल करत बसायचा. हसण्यावारी नेऊ नका. बाहेरच्या पियानोपेक्षा आमचा दोन पट्ट्या खाली उतरला, पण त्यानंतर सारं दिग्रस त्याच सुरात आलं. भजनी मंडळानं पेटी त्याला जुळवून घेतली, लग्नाच्या बँडवाल्यांनी सनई जुळवली, माझा तबला तर रोजच त्यावर चढायचा-उतरायचा. गावाचा एक सूर होता आणि तो एका फिटरनं ठरवला होता, असं दुसरं गाव दाखवा मला.

वाजवायला तो आपला आपण शिकला. एकाच पट्टीतून, एकाच जागेवरून. "बाकीचे दात माह्यासाठी दुसऱ्याच्या तोंडातले," असं म्हणायचा. पण त्या एका जागेवरून काय वाजवायचा तो माणूस. संध्याकाळी पाचला जिनातून सुटला की घासलेट आणि राखेनं हात धुवायचा, कानातली रुई काढायचा आणि पियानोवर बसायचा. क्लबाच्या व्हरांड्याला तीन पायऱ्या. त्या चढणाऱ्या प्रत्येक माणसाची त्यानं एक धून ठरवली होती. चारच सूर, पण माणूस हुबेहूब. लठ्ठ डॉक्टर आले की पियानोही धापा टाकायचा. नानाजी वकील छडी टेकत यायचे, त्यांच्या धुनेत तिसरा सूर छडीचा. याला आम्ही 'पायरी' म्हणायचो. माझी पायरी मात्र तो अर्धीच वाजवायचा आणि थांबायचा, उरलेली मी तबल्यावर पुरी करायची. पत्त्यात हरलेली माणसंसुद्धा एकदा बाहेर जाऊन परत पायऱ्या चढायची, केवळ आपली पायरी ऐकायला. मी स्वतः फुलचंद शेठला तीनदा आत-बाहेर करताना पाहिलंय.

आणि गळा. जरा घोगरा, खालच्या सुरात कांबळीसारखा ऊबदार. कापूस वेचणाऱ्या बायांच्या गाण्यावरून उचललेली एक चाल होती त्याची, शब्द त्याचेच, वऱ्हाडीत. त्याचा अंतरा असा वर जायचा की पत्ते खेळणारे हातातलं पान हातातच धरून बसत. तो वरचा सूर त्याच्या आवाजाची शेवटची भिंत होती. भिंतीला हात लावून तो परत यायचा, पलीकडं जागाच नव्हती. हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

त्याची आई, जैबुनबी, बोरी अरब या खेड्यात असायची. लकव्यानं अंथरुणाला खिळलेली. बापानं लहानपणी याची पेटी चुलीत घातली होती आणि आईनं तेव्हा नवऱ्याशी सहा महिने अबोला धरला होता. त्या बाईनं पोराचं गाणं मोठेपणी एकदाही ऐकलं नव्हतं. घरी तो गात नसे, बापाला दिलेला शब्द होता, बाप गेला तरी यानं पाळला. पण तिच्या शेजारी सरपंचाकडं रेडिओ आला आणि याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. "रेडिओवर गायलो तं घरात गायलो असं होत नाई ना, मास्तर? अम्मीले आयकू जाईन फक्त." मी म्हटलं, नाही होत. एवढा विचार करणारा माणूस होता तो.

साठ सालच्या दिवाळीत योग आला. पाडव्याला बाजारात कापसाचा मुहूर्त झाला की संध्याकाळी क्लबात गाणं, हा रिवाजच होता. त्या वर्षी मी पत्रावर पत्रं लिहिली, आणि रेडिओवर गाणाऱ्यांची पारख करणारे एक गृहस्थ नागपूरहून यायला कबूल झाले. मोहिउद्दीनला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो बोरी अरबला जाऊन आईला सांगून आला.

आता ऐका पुढचं. फुलचंद शेठच्या घरी त्याच वर्षी मुंबईची सून आली होती, हंसाबाई. पियानो शिकलेली. त्या क्लबात आल्या, चार बोटं दाबली आणि म्हणाल्या, हा तर सगळाच उतरलेला आहे, यावर माझं काही वाजणार नाही. खोटं काहीच नव्हतं त्यात. शेठनं लगोलग मुंबईहून माणूस बोलावला. आणि मोहिउद्दीनला आठ दिवस पुसदला धाडून दिलं, आपल्या भावाच्या जिनात सीझनच्या तोंडावर बिघाड झाला म्हणून. बिघाड खराच होता की नाही, देव जाणे.

मुंबईच्या माणसानं निम्म्या तारा बदलल्या, बाकीच्या ओढल्या आणि पियानो दोन पट्ट्या वर नेऊन ठेवला. मी तिथं उभा होतो. मी शेठला म्हटलं, मोहिउद्दीनला कळवायला पाहिजे, त्याला दुसऱ्या जागेवरून वाजवता येत नाही. शेठ म्हणाले, "मास्तरजी, तो रुसून बसला तं प्रोग्राम बिघडून जाईल. सूनबाई पहिल्यांदा वाजवायले बसून राह्यल्या. पियानो म्हनजे पियानोच, वाजवून घेईन तो." आणि मग सहज बोलल्यासारखं, "पाच मिनिटं तुमचा तबलाबी ठेवू. पाव्हण्याले तुमचंबी कानावर पडू द्या."

पाच मिनिटं. आयुष्यात मला कोणी पाच मिनिटं दिली नव्हती. तबलजी म्हणजे गाणाऱ्याच्या बाजूला बसलेला माणूस, पत्रिकेत त्याचं नाव शेवटी. मी पुसदला चिठ्ठी लिहायला घेतली आणि लिहिली नाही. मनाशी म्हटलं, हुशार माणूस आहे, सांभाळून घेईल. जुना तबला तेवढा वर चढत नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी बस धरून यवतमाळला गेलो आणि चढ्या सुराचा, लहान तोंडाचा नवा तबला घेऊन आलो.

पाडव्याला पाचच्या सुमाराला तो पुसदच्या बसमधून उतरून सरळ क्लबात आला. पाहुण्यांना लवकर निघायचं होतं म्हणून पहिला तोच. हात धुतले, कानातली रुई काढली, धुतलेली शेरवानी झटकली आणि बसला. पहिला सूर दाबला आणि थांबला. पुन्हा दाबला. झाकणाकडं पाहिलं. मी तबल्यावर थाप मारली. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, चालू दे अशी.

त्यानं चालू केलं. बोटं जिथं बसायची तिथंच बसली, दुसरी जागा त्यांना माहीतच नव्हती. अस्ताई कशीबशी निघाली. अंतऱ्याला तो वर गेला, भिंतीपर्यंत पोचला, आणि सूर तर भिंतीच्या पलीकडं ठेवलेला. आवाज फाटला. त्यानं परत घेतलं, परत फाटला. मग खालच्या सुरात उतरून गाणं संपवलं, मधेच सोडलं नाही. मागच्या बाकावर कोणी तरी फिस्सकन हसलं. ज्यांच्या पायऱ्या तो चार वर्षं वाजवत होता ते सारे मांडीकडं बघत बसले. पाहुण्यांनी वहीत दोन ओळी लिहिल्या आणि सभ्यपणे विचारलं, हे कोण. फुलचंद शेठ म्हणाले, "आमच्या जिनातला फिटर आहे. शौकीन माणूस."

फिटर. चार वर्षं आल्यागेल्याला 'आमचे कलावंत' म्हणून दाखवत होते, आणि त्या दिवशी फिटर. मला आजही तो शब्द आठवला की कानशिलं तापतात. नंतर हंसाबाई सुरेख वाजवून गेल्या. माझी पाच मिनिटंही झाली. पाहुण्यांनी तेव्हा चहा घेतला.

मागच्या नळावर मोहिउद्दीन तोंड धुत होता. मी गेलो. पाणी तसंच चालू ठेवून त्यानं विचारलं, "तुले मालूम होतं, मास्तर?"

"नाही बा," मी म्हटलं. "मलाही आत्ताच कळलं."

त्यानं नळ बंद केला. "बरं," म्हणाला. परत क्लबात पाऊल टाकलं नाही. महिन्याभरात जिनही सोडलं आणि वणीकडं, राजूरच्या कोळसा खाणीत फिटर म्हणून लागला.

मी चिडलो, आणि चिडूनच राहिलो. शेठला तोंडावर बोललो, सेक्रेटरीपण सोडलं, वर्षभर क्लबात गेलो नाही. गावात ज्याला त्याला सांगत फिरलो की तुम्ही एका सोन्यासारख्या माणसाचा घात केला. लोक ऐकून घेत. मला वाटायचं, त्याच्या बाजूनं बोलणारा दिग्रसमध्ये मी एकटाच आहे.

चौसष्ट साली पियानोच्या तारा एकामागून एक तुटायला लागल्या. जुन्या तारांना तो ताण सोसवला नाही. हंसाबाई केव्हाच मुंबईला परत गेल्या होत्या. नानाजी वकिलांनी क्लबात गोष्ट काढली की मोहिउद्दीनला परत आणा, यंदा त्याला रीतसर मेंबर करू, आणि मास्तर, तुम्हीच जा, तुमचा दोस्त आहे. मी गेलो. खरं सांगायचं तर मोठ्या तोऱ्यात गेलो.

राजूरला खाणीच्या चाळीत दोन खोल्या. मोहिउद्दीनचे केस पिकलेले, नखांत तेलाऐवजी कोळसा. गळाभेट झाली. त्याच्या बायकोनं, जुबैदाभाभीनं, चहा केला. मी विचारलं, अम्मी कशा आहेत. भाभीच म्हणाली, "अम्मी दोन साल झाले गेल्या. पाडव्यापासून सरपंचाच्या घरी खाट टाकायला लावत होत्या. रोज रेडिओपाशी. गानं लागनार नाई हे कोनी सांगितलंच नाई त्यायले." मोहिउद्दीननं कप खाली ठेवला.

मी मग शेठच्या नावानं सुरू झालो. सगळं काढलं, पुसदचा बहाणा, मुंबईचा माणूस, तो फिटर शब्द. म्हटलं, त्या लोकांनी तुला फसवलं, पण आता त्यांना पस्तावा झालाय, तू चल. तो शांतपणे ऐकत होता. माझं बोलणं पूर्ण होऊ दिलं.

"मले शेठचा राग नाई, मास्तर," तो म्हणाला. "शेठ मालक होता, कवाच दोस्त नोता. पहिला सूर दाबला तवा मले वाटलं, पियानो बिघडला. म्या म्हटलं, उठतो, सांगतो पाव्हण्याले, माफी मागतो, उद्या आयका म्हनतो. मी उठूनच राह्यलो होतो. तेवढ्यात तू थाप मारली."



"तुहा तबला त्या नव्या सुराले मिळालेला होता," तो म्हणाला. "पहिल्या थापेपासून. म्हनून मी बसलो. म्हटलं, मास्तरचा तबला सुरात हाय, म्हंजे हेच बरोबर असन, माह्याच कानात काही झालं असन."

जुबैदाभाभी भाकऱ्या टाकायला उठली आणि जेवूनच जा म्हणाली. मी बस चुकेल म्हणून सांगितलं आणि चपला घातल्या. मोहिउद्दीन स्टँडपर्यंत सोडायला आला. बसला दोन तास होते, आणि ते त्यालाही माहीत होतं.