आमच्या टेबलावरच्या तेलकट फ्लिक्स

आमच्या हॉलमधली साड्यांची थप्पी संध्याकाळपर्यंत उठते, किश्शांची मात्र उठत नाही. रोज एक नवा किस्सा वर येऊन बसतो आणि खालचे दबून जातात. परवा डबे खाताना फ्लिक्सचा विषय निघाला, वर्षाला हसता हसता ठसका लागला, आणि म्हटलं, हे आता सांगूनच टाकावं. नाहीतर ही थप्पी माझ्याच डोक्यावर पडायची!

सुरतेत बमरोलीला आमचा चेकिंग-फोल्डिंगचा हॉल आहे. साडी टेबलावर पसरायची, वाकून वाकून नजर फिरवायची, सुटलेला धागा कापायचा, डाग दिसला तर काढायचा आणि घडी घालायची. आमच्या टेबलावर आम्ही चौघी. धुळ्याकडच्या सुशीलाबाई सगळ्यांत मोठ्या, यवतमाळची वर्षा सगळ्यांत हौशी आणि चोपड्याची ज्योती सगळ्यांत लहान. मी मंगल, या टेबलाची लीडर. लीडर म्हणजे काय, तर शेठची बोलणी सगळ्यांत आधी मी खायची.

* * *

एका सोमवारी ज्योती फ्लिक्स कापून आली. कपाळावर भुवईपर्यंत सोडलेले आखूड केस, छान सरळ. सुशीलाबाईंनी कात्री खाली ठेवली.

"माय वं! हाऊ पुढे पडदा कसाले लाया?"

ज्योती नुसती हसली. पडदा कशाला ते आम्हाला जेवणाच्या सुट्टीत कळलं. लहानपणी चुलीवरचं गरम पाणी उडून तिच्या उजव्या भुवईच्या वर चांगला रुपयाएवढा डाग राहिलाय. दोन वर्षं आमच्यासोबत काम करून मला तो नीट दिसला नव्हता, कारण ही पोरगी मान वर करून बोलायचीच नाही. फ्लिक्स आल्या आणि ही बोलायला लागली. बोलायला म्हणजे किती! आधीची बरी होती असं वाटायची वेळ आली. पण खरं सांगते, मला फार बरं वाटलं होतं.

पंधरा दिवसांत वर्षानेही कापल्या. मग मलाही राहवेना. मी घरी गेले तेव्हा आमचे हे टीव्हीसमोर बसले होते. माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि अगदी काळजीने विचारलं, "पार्लरमध्ये लाईट गेली होती का?"

* * *

फ्लिक्स कापणं सोपं, सांभाळणं कठीण. त्यात सुरतची हवा! सकाळी घरून निघताना केस भुरभुर उडतात आणि अकरा वाजता कपाळाला चिकटून बसतात. तोंडाला लावलेलं क्रीम, कपाळाचा घाम, डोक्याचं तेल, सगळं त्या चार केसांच्या वाट्याला.

वर्षाचा तर वेगळाच कारभार. रविवारी सगळ्या डोक्याला तेल थापायचं, सोमवारी तसंच यायचं. तिच्या फ्लिक्सचे तीन भाग होऊन कपाळावर तीन दोऱ्या लोंबायच्या. मी म्हटलं, "अगं, तेल कानाच्या मागेच लाव ना. पुढचे केस सोड."

"अर्ध्या डोक्याले तेल लावू का, ताई? बाकीचं डोकं काय शेजारनीचं हाय?"

सुशीलाबाई लगेच तिच्या बाजूने. "तेल नही लावं ते डोकं भडकस." म्हटलं, तुमचं आधीच भडकलेलं आहे, त्याला काय झालं? दुपारपर्यंत बोलल्या नाहीत माझ्याशी!

* * *

मग ज्योतीने एक युक्ती आणली. सगळं डोकं रोज धुवायचं नाही, मागचे केस बांधून ठेवायचे आणि फक्त पुढचे केस बेसिनमध्ये धुवायचे. दोन मिनिटांचं काम, थेंबभर शांपू, पंख्याखाली उभं राहिलं की वाळले. युक्ती एकदम पास!

वर्षाने ती जेवणाच्या सुट्टीत हॉलच्या बेसिनवर सुरू केली. एक दिवस शांपूची पुडी संपलेली. बेसिनवर डबे घासायचा लिंबाचा साबण होता. हिने विचार केला, डब्याचं तेल जातं तर डोक्याचं का नाही जाणार?

गेलं! तेल तर गेलंच, केसांचा जीवही गेला. फ्लिक्स वाळल्या आणि छज्ज्यासारख्या पुढे उभ्या राहिल्या. दाबल्या तरी खाली बसेनात. तेवढ्यात आमचे जयंतीभाई शेठ फेरी मारायला आले. आमच्या टेबलाजवळ थांबले, नाकाने दोनदा वास घेतला आणि जरा रागानेच म्हणाले, "लींबु शरबत बनाव्युं? ने मने पूछ्युं पण नहीं?"

* * *

हसण्यावारी चाललं होतं तोवर ठीक होतं. मग एक दिवस बाजारातून तीन साड्या परत आल्या. तिन्ही फिक्या रंगाच्या, तिन्हींवर तेलाचा बारीक डाग. वाकून बघताना कुणाचं तरी कपाळ टेकलं असणार. शेठ हॉलमध्ये आले ते साड्या हातात नाचवतच.

"उद्यापासून सगळ्यांचे केस मागे. क्लिप लावा, नाहीतर खाली पार्सल बांधायला जा!"

वर्षाने क्लिप लावली, मीही लावली. आमचं काय जातंय! ज्योतीनेही लावली, आणि तिचं कपाळ उघडं पडलं. त्या दिवशी शेजारच्या टेबलांवरून जी आली तिने विचारलं, "अय्या, हे काय झालं गं?" कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पण दिवसभर तेच. तिसऱ्या प्रहरी बघते तर ज्योती भिंतीकडे तोंड करून घड्या घालतेय.

सुटताना म्हणाली, "ताई, मी उद्यापासून येत नाही."

मला रात्री जेवण गेलं नाही. शेठचा हुकूम पाळायला लावणारी मीच होते ना! सकाळी सरळ ऑफिसात गेले. म्हटलं, "शेठ, आठ दिवस द्या. आमच्या टेबलावरून एक डाग निघाला तर मी स्वतः सगळ्यांना क्लिपा लावते. नाही निघाला तर फ्लिक्सचं नाव काढायचं नाही."

शेठ म्हणाले, "आठ दिवस. नवमे दिवसे हुं जाते तपासीश." तपासणी ते स्वतः करणार म्हणे. ज्योतीला निरोप धाडला, ती आली. पण तोंड एवढंसं.

* * *

आता गंमत बघा. वर्षानुवर्षं आम्ही साड्यांवरचे तेलाचे डाग काढतो. कसे? डागावर साधी टाल्कम पावडर टाकायची, जरा वेळ ठेवायची, तेल पावडरीत ओढलं गेलं की ब्रशने झाडायची. डबा टेबलावरच असतो. पण हे डोक्यावर करता येईल हे चौघींपैकी एकीलाही सुचलं नव्हतं!

सुचलं ते सुशीलाबाईंना. ज्योतीला समोर बसवलं, फ्लिक्स बोटांवर धरल्या आणि अगदी साडीचा काठ असल्यासारखी मुळाशी चिमूटभर पावडर लावली. पाच मिनिटांनी झाडली. केस कोरडे ठणठणीत!

"इतलं सोपं व्हतं," त्या म्हणाल्या, "आनि मी इतला दिन साड्यासले लावत बसनू!"

वर्षाला मात्र चिमूट कळत नाही, मूठच कळते. तिने अर्धा डबा डोक्यावर ओतला, झाडायची विसरली आणि तशीच घरी निघाली. रिक्षावाल्याने हाताला धरून तिला आत बसवलं. "माजी, संभाळीने!" पांढरं डोकं बघून म्हातारी समजला की! वर्षाचं वय एकतीस! दुसऱ्या दिवशी ती चिडून सांगत होती, आणि आम्ही हसून हसून टेबलाखाली.

आठ दिवस आमच्या टेबलावर मिलिट्रीची शिस्त होती. सकाळी पुढचे केस धुवायचे. क्रीम कपाळाला नाही. फोडणी देताना घरी फ्लिक्स वर बांधायच्या. आणि सगळ्यांत मोठा नियम, केसांना सारखा हात लावायचा नाही, हाताचंही तेल लागतं. या नियमाला सुशीलाबाई मीटरपट्टी घेऊन बसायच्या. पहिल्या दिवशी सगळ्यांत जास्त फटके कुणी खाल्ले असतील? लीडरने!

* * *

नववा दिवस उजाडला. ज्योतीने जेवणाचा डबा उघडलाच नाही. मला म्हणाली, "ताई, डाग निघाला तर मी शेठसमोर क्लिप नाही लावणार. तशीच घरी जाईन." मी तिच्या पाठीवर हात फिरवला.

शेठच्या केसांचं सांगायचं राहिलंच. मधलं मैदान मोकळं आहे, पण डाव्या कानावरून एक लांब बट वाढवलेली, तेल लावून ती उजव्या कानापर्यंत आणून चापून बसवलेली. पंखा फुल असला की शेठ हॉलमध्ये डोक्यावर हात ठेवूनच फिरतात. आम्ही कुणी कधी तिकडे बघत नाही.

शेठ आले. सोबत पांढऱ्या अस्तराचा कोरा तागा. आमच्यासमोर स्वतःच्या हाताने चार तुकडे कापले. म्हणाले, प्रत्येकीने एकेक तुकडा कपाळावरच्या फ्लिक्सवर दाबायचा. सुशीलाबाईंना फ्लिक्स नाहीत, त्यामुळे त्यांना सोडलं. त्यांचा तुकडा टेबलावरच राहिला.

मी दाबला. कोरा! वर्षाने दाबला. कोरा, पावडरीचा वास येत होता तेवढाच. ज्योतीने डोळे मिटून दाबला. शेठने तिचा तुकडा घेतला, उजेडाकडे धरला, उलटा केला, सुलटा केला.

समाधान होईना. तुकडा टेबलावर पसरला, चष्मा वर केला आणि अगदी नाक टेकेपर्यंत वाकले.

बट सुटली.

डाव्या कानावरून घसरली ती थेट टेबलावर. आणि पडली नेमकी शेजारी ठेवलेल्या सुशीलाबाईंच्या तुकड्यावर. शेठ ताठ उभे राहिले, घाईघाईने बट उचलून जागेवर बसवली. पण अस्तरावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळी चकचकीत रेघ!

वर्षाने तोंडात ओढणी कोंबली. मी छताकडे बघत राहिले. शेठने त्या रेघेकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, पुन्हा रेघेकडे बघितलं.

"आ तो..." शेठ घसा खाकरून म्हणाले, "आ तो कालनो डाघ छे."

सुशीलाबाईंनी हातातल्या साडीची घडी पूर्ण केली, तिच्यावरून तळवा फिरवला आणि वर न बघता म्हणाल्या,

"हा शेठ, कालनाच शे. ज्योतीन्या फ्लिक्स बी कालन्याच शेतस. ऱ्हाऊ द्या."

शेठचा एक हात डोक्यावर होता. दुसऱ्या हाताने त्यांनी तो तुकडा खिशात घातला.

"रहेवा दो," म्हणाले, आणि गेले.