शाई पिंजणारी नूर आपा

कारखान्यातली पाळी संपवून लॉकरमधला फोन काढला तर घरून आलेले कितीतरी कॉल. माय म्हणाली, "नूर आपा गेली वं... दुपारीच माती झाली." आमच्या गावी, रोहिणखेडला, तिला पोचवून माणसं घरी परतलीसुद्धा होती, अन् मी इकडे तामिळनाडूत, बिनखिडकीच्या खोलीत, पांढरा सूट चढवून फिल्म उजेडाला धरून पाहत होते. आम्ही मोबाइलच्या पडद्याचं काम करतो, पण आत मोबाइल नेता येत नाही.

आपा पिंजाऱ्याच्या घरची. गावात तयार गाद्या आल्या, कापूस पिंजायचा धंदा बसला, तशी ती इथे कामाला आली. पुढे आमच्या बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली अन् माझी नववीतच शाळा सुटली, तेव्हा तिनेच मला इथे आणलं, होस्टेलात आपल्या शेजारची खाट दिली. ती नसती तर माझं काय झालं असतं, हा विचारही मला सोसत नाही.

आमचं काम शाईचं. केसाहून कितीतरी बारीक अशा कार्बनच्या नळ्या, त्यांचे गुंते पाण्यात सोडवायचे अन् ती काळी शाई फिल्मवर इतकी पातळ पसरायची की काळेपणा दिसू नये. जाळं विरळ हवं, म्हणजे उजेड पार होतो; नळ्या एकमेकींना टेकलेल्या हव्यात, म्हणजे वीज चालते. मी भित्री. एकही गुंता राहू नये म्हणून शाई हादरवायच्या यंत्रात कितीतरी वेळ ठेवूनच देई. फिल्म काचेसारखी स्वच्छ निघे, पण वीज काही चालेना.

"काऊन वं, शाईचा जीव घेतं का आता?" आपा हसली. "लई पिंजलं तं धागाच तुटते. मंग एकाचा हात दुसऱ्याले पुरत नाही."

होस्टेलचं फाटक रविवारीच उघडतं. मला घरी जायचं होतं, दहावीला बसायचं होतं. पण घर माझ्या पगारावर चालतं. बाबांना सांगू कशी? आपा दुखणं घेऊन सुट्टीवर निघाली तेव्हा म्हणाली, "बोलीन मी तुह्या बापाशी. तू रडू नको."

आपा वारल्यावर काही दिवसांनी मी धीर करून बाबांना फोनवर विचारलं, "आपा आपल्या घरी आलती का?"

"आलती ना. चहा घेतला. पोरीले दहावी करू द्या म्हणे."

"मंग?"

"हो म्हटलं. इतकी खंगली होती, तिच्या तोंडावर नाही कसं म्हणू?"

"अन् आता?"

"औंदा बोंडं कसे लागतात ते पाहू."

कारखान्यात आपाच्या जागेवर आता मलाच उभं केलंय. सगळे म्हणतात, नशीब काढलं पोरीनं.

होस्टेलच्या उशांतल्या कापसाचे गोळे झालेले असतात. एका रविवारी आपाने माझी उसवली, सगळा कापूस बोटांनी मोकळा केला, परत शिवून दिली. आता तीत पुन्हा गोळे धरलेत. उसवता मलाही येतं, पण इथे उसवायची नाही. दहावीला घरी गेले की ओट्यावर बसूनच उसवीन... बाबांनी आपाला हो म्हटलंय.